टेलच्या शेतकऱ्याचा इंजिनिअर : सर मो. विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबरला आपल्याकडे फोटोला हार घातला जातो. दोन-तीन भाषणं होतात, आणि भाषणात खडकवासल्याची स्वयंचलित दारं व म्हैसूरचं कृष्णराजसागर धरण हमखास येतं. पण या माणसाने पुण्याच्या परिसरात केलेलं एक मोठं काम भाषणात सहसा येत नाही. कारण सोपं आहे. त्या कामात फोटो काढण्यासारखं बांधकामच नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ सालचा, बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित, घरी पैसा नाही, त्यात ते लवकर गेले. मुलाने शिकवण्या करून बंगळूरला बी.ए. केलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि स्वारी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाली. तेच पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिला नंबर, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर. पहिली नेमणूक नाशिकला.

सुरुवातीच्या वर्षांतच त्यांची रवानगी खानदेशात झाली. तिथे एका पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे नेणारा सायफन बांधायचा होता, तोही ऐन पावसाळ्यात. पूर, गाळ, वरिष्ठांचा तगादा, सगळं सोसून काम पुरं झालं. पण खानदेशात त्यांच्या आसपास आणखी एक गोष्ट होती. पांझरा, मोसम या नद्यांवर शेतकऱ्यांनी शतकानुशतकं चालवलेली फड पद्धत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एका वर्षी एकच पीक, दरवर्षी पिकांची अदलाबदल. उसाचा फड ठरला की त्याच्या बाहेर ऊस लावायचा नाही. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, दोघेही शेतकऱ्यांनीच नेमलेले. विश्वेश्वरय्यांनी पुढे जे केलं त्याच्याशी याचं साम्य इतकं आहे की धडा इथेच मिळाला असावा असं मला वाटतं. अर्थात हा माझा तर्क.

१८९९ च्या सुमारास ते पुण्याच्या पाटबंधारे विभागात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहत होता. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हे कालवे काढले ते कशासाठी, तर अवर्षणात जिरायत पिकं तगावीत म्हणून. झालं भलतंच. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी ऊस लावला आणि पाटाला बारा महिने पाणी मागितलं. अर्ज येईल त्याला पाणी, मग त्याचं शेत कुठेही असो. एक तुकडा इथे, दुसरा मैलभर पुढे. मधल्या चाऱ्यांतच निम्मं पाणी मुरायचं. वरच्या गावांत जमिनी पाणथळ, डास आणि हिवताप. खालच्या गावांत कोरडा पाट. आपल्या होस्टेलवर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना टेलच्या शेतकऱ्याचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. तळमजल्याच्या आंघोळी झाल्या की वरचा नळ फक्त सूं सूं करतो!

अशा वेळी इंजिनिअर काय करतो? कालवा रुंद करा, धरण उंच करा म्हणतो. विश्वेश्वरय्यांनी पाणी वाटण्याचा नियमच बदलायचं ठरवलं. हीच ती ब्लॉक पद्धत. पाणी थोड्या गावांना भरपूर न देता जास्त गावांना बेताचं द्यायचं. प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचा सलग ब्लॉक आखायचा, म्हणजे चाऱ्या लांबणार नाहीत आणि गळती कमी होईल. ब्लॉकच्या साधारण एक-तृतीयांश भागातच ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिकं, आणि उसाची जागा दरवर्षी फिरती. त्यामुळे जमिनीला विसावा मिळतो, ती चिबड होत नाही. शिवाय पाण्याची मंजुरी काही वर्षांसाठी एकदम, म्हणजे दर हंगामाला साहेबाच्या दारात उभं राहायला नको.

कागदावर हे छान दिसतं. पण ज्यांच्या बांधाशी पाणी होतं ते कशाला कबूल होतील? बागायतदार खवळले. पुण्याच्या वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. सरकार शेतकऱ्याच्या पिकात नाक खुपसतंय हा आक्षेप, आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बोलून, समजावून योजना पुढे रेटली. १९०१ साली नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगापुढेही ती मांडली. ब्लॉक पद्धत दख्खनच्या कालव्यांवर रुजली आणि पाटबंधारे खात्याच्या भाषेत ब्लॉक हा शब्द कायमचा राहिला.

दारांचं काम त्याच काळातलं. खडकवासल्याच्या सांडव्यावरून पुराचं पाणी वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता १९०३ साली त्यांनी तिथे आपोआप उघडणारी-मिटणारी दारं बसवली आणि सुमारे ८ फूट जास्त पाणी अडवलं. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दार उघडणार, उतरलं की मिटणार. लोखंडाला समजावून सांगावं लागत नाही, हा त्यात मोठा फायदा.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. एडनचा पाणीपुरवठा, १९०८ च्या पुरानंतरचं हैदराबाद, १९०९ पासून म्हैसूर, १९१२ ते १९१८ दिवाणगिरी, १९५५ साली भारतरत्न.

नीरेवर मात्र ऊस हटला नाही. नियम एक-तृतीयांशाचा, पण पैसा उसाचा. वरच्या भागात जमिनी पाणथळ आणि चोपण होतच राहिल्या. दख्खनच्या कालव्यांवरच्या या दुखण्याचा अभ्यास करायला १९१६ साली एक खास विभाग काढावा लागला, क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरने तो नावारूपाला आणला. पाणी द्यायचं तसं जादा पाणी काढूनही द्यायचं, त्यासाठी चर खणायचे, हे तिथे नीट शिकलं गेलं. तोच विभाग वाढत वाढत खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाला. आपल्यातले बरेच जण तिथे ट्रिपला जाऊन आलेत. २००५ साली महाराष्ट्राने कायदा करून पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरवलं, म्हणजे गाडी फिरून पांझरेच्या फडाजवळच आली म्हणायची.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, दोन महिन्यांवर शंभरावा वाढदिवस. १४ एप्रिल १९६२ ला बंगळूरला ते वारले. धरण पुन्हा बांधलं गेलं. नीरा डाव्या कालव्याला अजून पाळ्या सुटतात, आणि टेलचा शेतकरी अजून रात्री बॅटरी घेऊन चारीवर पाण्याची वाट बघत बसतो.