पंडिता रमाबाई

मुलांनो, तुम्ही लातूरहून रेल्वेने पुण्याला गेलात, तर दौंडनंतर केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. या केडगावाला एका बाईंमुळे मोठे नाव मिळाले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलींना शिकवू नये असे लोक मानत, पण रमाबाईंना घरीच संस्कृत शिकायला मिळाले. पुढे दुष्काळ पडला. आईवडील आणि मोठी बहीण एकामागून एक गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीपोटी गावोगाव पायी फिरले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता ही पदवी दिली. पण दोन वर्षांत भाऊ वारला. मग लग्न झाले आणि १८८२ साली पतीही वारले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यात आले. लोकांनी टीका केली, काहींनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन बंद पडले नाही.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. भूक काय असते हे रमाबाईंना ठाऊक होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या उघड्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. इतक्या जणींना रोज जेवायला कोठून घालायचे? रमाबाई देवाजवळ मागत आणि लगेच कामाला लागत. मुली शेती करत, कापड विणत, छापखाना चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमा बोटांनी वाचायला शिकवी.

तुमच्या उर्दूतील सब्र हा शब्द मराठीत सबुरी होऊन आला आहे. रमाबाईंची सबुरी पाहायची असेल, तर त्यांचे शेवटचे काम पाहा. साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांना बायबल आणायचे होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येई, प्रकृती ढासळली होती. तरी सुमारे अठरा वर्षे त्या रोज थोडे थोडे लिहीत राहिल्या. खिळे जुळवणे, छापणे, पाने बांधणे ही कामे आश्रमातील स्त्रियाच करत.

१९२१ साली मनोरमा वारली. जिच्या हाती सारे सोपवायचे, तीच गेली. मुलांनो, या दुःखातही रमाबाई मुद्रिते तपासायला पुन्हा बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. मागे राहिलेल्या स्त्रियांनी उरलेली पाने छापली आणि १९२४ साली तो ग्रंथ केडगावातून बाहेर पडला.