पालींचा पालनहार

भिंतीवर पाल चुकचुकली की आपल्या मनात शंका येते. ती अंगावर पडली तर वडीलधारी माणसे पंचांगातले पल्लीपतनाचे पान उघडतात. अशा या उपेक्षित जीवासाठी एका माणसाने दूरच्या ओसाड बेटावर धाव घेतली. त्यांचे नाव जेराल्ड ड्युरेल.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी आपल्याच देशात, जमशेदपूर येथे झाला. वडील अभियंते होते. १९२८ साली ते वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे १९३५ ते १९३९ ही वर्षे ग्रीसच्या कॉर्फू बेटावर गेली. शाळेशी जेराल्डचे कधी जमलेच नाही. बेटावरचे किडे, सरडे आणि कासवे हेच त्यांचे गुरुजन.

एकविसाव्या वर्षी वारशाचा पैसा हाती आला. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो व्याजी लावला असता. ड्युरेल यांनी तो कॅमेरूनच्या जंगलातून प्राणी आणण्यात खर्च केला. मुद्दल संपले तेव्हा पुस्तके लिहून पैसा उभा केला. १९५९ साली त्यांनी जर्सी बेटावर स्वतःचे प्राणिसंग्रहालय काढले. मॉरिशसचा नामशेष झालेला डोडो पक्षी हे त्याचे बोधचिन्ह. प्राण्यांचे प्रदर्शन मांडणे नव्हे, तर नष्ट होऊ घातलेल्या जाती वाढवणे हा त्यामागचा हेतू होता.

१९७६ साली ते मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड आयलंडवर गेले. माणसाने आणून सोडलेल्या शेळ्यांनी व सशांनी तेथला झाडोरा फस्त केला होता. उघडी पडलेली माती पावसाने समुद्रात वाहून नेली होती. ताडाच्या झाडांवर राहणारी, वीतभराहून लांब अशी गुंथरची पाल निराधार झाली होती. ड्युरेल यांनी काही पाली जर्सीला नेल्या. तेथे त्यांनी अंडी घातली, पिले झाली.

पण पिंजऱ्यातली वाढ ही केवळ ठेव. घर उरले नाही तर ती परत कोठे करायची? म्हणून बेटावरच्या शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ साली हटवण्यात आले. मग हिरवळ परतू लागली.

१९९४ साली याच बेटावरच्या एका छोट्या निशाचर पालीला ड्युरेल यांचे नाव देण्यात आले. आपल्या घरातल्या पालीसारखी बोटांना चिकटणारी गादी तिला नाही; नखांच्या आधारे ती खडक चढते. जगात ती दुसरीकडे कोठेही सापडत नाही. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९९५ रोजी ड्युरेल निवर्तले.

मोठ्या माणसांची नावे रस्त्यांना व चौकांना दिली जातात. ड्युरेल यांचे नाव मात्र एका जिवंत जीवाने धारण केले आहे. ते टिकवायचे तर ती पाल टिकली पाहिजे, आणि पाल टिकायची तर आधी तिच्या पायाखालची माती टिकली पाहिजे.