चिन्ह वगळून उरते ते

आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे गणिताशी फारसे सख्य नसते. तरी संगणकाची पायथन भाषा शिकताना एका गणितज्ञाचे चरित्र मी आवडीने वाचले. या भाषेत ‘अ‍ॅब्स’ नावाचे फलन आहे. त्याला दहा द्या की उणे दहा, उत्तर दहाच! हातखंब्याहून चिपळूणकडे दहा किलोमीटर गेले काय नि लांज्याकडे गेले काय, अंतर तेवढेच. यालाच केवल मूल्य म्हणतात. त्यासाठी संख्येच्या दोन्ही बाजूंस उभी रेघ देण्याची खूण कार्ल वायरस्ट्रास यांनी १८४१ मध्ये योजिली.

त्यांचा जन्म १८१५ चा, जर्मनीतील ऑस्टेनफेल्ड गावचा. वडिलांच्या आग्रहाखातर ते बॉनला कायदा व अर्थकारण शिकायला गेले. मन गणितात, वेळ मात्र तलवारबाजीत नि मद्यपानात! चार वर्षांनी पदवीविना परतले आणि पुढे शाळामास्तर झाले. आडगावच्या शाळांतून गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामही शिकवीत त्यांनी संशोधन चालू ठेवले. रेघांची खूण असलेला निबंध तर थेट १८९४ मध्ये छापला गेला.

१८५४ मध्ये त्यांचा आबेली फलनांवरील लेख प्रसिद्ध झाला नि कोनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८५६ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून सोफिया कोवालेव्स्काया यांना त्यांनी १८७० पासून खाजगीरीत्या शिकविले. १८९७ मध्ये ते निवर्तले.

हुकलेली पदवी, आडगावची नोकरी ही उणे चिन्हेच. ती पुसल्यावर जे उरले, ते जगाने उशिरा मोजले. आपणही एकमेकांना मोजताना गुणपत्रिका नि गाव यांपलीकडे पाहावे, असे मला वाटते.