वर्ध्याच्या मावशींची काठी

मैत्रिणींनो, काठी म्हटलं की काय आठवतं? आजोबांचा आधार, गुराख्याची सोबत, नाहीतर उंच दोरीवर कपडे टाकायची काठी. किती साधी वस्तू! पण सरावलेल्या हातात ती फिरू लागली की गंमत उरत नाही. मनगट जरासं वळतं, टोक मात्र भल्यामोठ्या वेगाने फिरतं. तो फटका कानशिलावर बसला तर जीवही जाऊ शकतो.

आमच्या वर्ध्यात ही काठी बायकांच्या हाती दिली लक्ष्मीबाई केळकरांनी. सगळे त्यांना मावशी म्हणत. जन्म १९०५ चा, नागपूरच्या दात्यांच्या घरचा. माहेरचं नाव कमल. कोवळ्या वयातच वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी लग्न झालं. ते बिजवर, त्यांना आधीच्या दोन मुली. पुढे मावशींची स्वतःचीही मुलं झाली. १९३२ मध्ये पुरुषोत्तमराव गेले. मावशींचं वय तेव्हा अवघं सत्तावीस! त्या काळी अशा बाईने घराचा कोपरा धरायचा, हीच रीत.

पण मावशींनी कोपरा धरला नाही. मुलगे संघाच्या शाखेत जात, तिथे लाठी शिकत. हे बायकांना का नको, असं त्यांच्या मनाने घेतलं. वर्ध्यात डॉ. हेडगेवारांशी त्या बोलल्या आणि १९३६ च्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, वर्ध्यातच राष्ट्र सेविका समिती सुरू केली. घराबाहेर पडायलाही परवानगी लागणाऱ्या लेकी-सुना मैदानात लाठी फिरवू लागल्या.

योगायोग बघा, त्याच वर्षी गांधीजी जवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. काठी त्यांच्याही हातात असे, पण मार्ग अहिंसेचा. मावशींची वाट वेगळी. ती कुणाला पटेल, कुणाला नाही. पण बाईने भीत भीत का जगावं, हा प्रश्न तुमचा-माझा सगळ्यांचाच ना?

फाळणीच्या धामधुमीत, ऑगस्ट १९४७ मध्ये, मावशी तिथल्या सेविकांना भेटायला थेट कराचीला गेल्या. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

लेकीला लाठी शिकायला जरूर पाठवा. मात्र मैदान मोकळं आहे ना, मुलींमध्ये पुरेसं अंतर ठेवतात ना, हे आधी बघून या. काठीने काय होऊ शकतं हे जिला कळतं, ती उगाच उगारत नाही आणि उगारलेल्या काठीला उगाच भीतही नाही.