कुलूपवाले अर्देशीर गोदरेज

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार दिवंगत पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा तो पुरुष आपल्या ज्ञातीतलाच असतो, व ते स्वाभाविकही आहे. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले तेव्हा आम्ही थोडी मोकळीक मागून घेतली. आम्ही निवडलेले गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या धर्माचेही नव्हेत. ते मुंबईचे पारशी होते. परंतु त्यांचे आडनाव आपल्या आगाशीतील लहान मुलालासुद्धा ठाऊक असते, कारण ते घरोघरच्या कपाटांवर व कुलपांवर कोरलेले असते. आडनाव सर्वांस ठाऊक आणि माणूस कोणासच ठाऊक नाही, अशी स्थिती झालेल्यांपैकी कै. अर्देशीर बर्जोरजी गोदरेज हे एक होत.

या विषयाकडे आमचे लक्ष कसे गेले ते आधी सांगावयास हवे. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना आमच्या आजोबांना भर पावसाळ्यात मध्यरात्री एकाएकी छातीत कळ येऊ लागली. त्यांना गाडीत घालून विरार स्टेशनपर्यंत व तेथून मुंबईस न्यावयाचे ठरले. पैसे माजघरातील लाकडी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली फिरेना. ते कुलूप कोणाचे होते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. आता ते हयात नाही व बनविणारेही नसावेत. अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांनी आतली स्प्रिंग गंजून तुटली होती व तिचा तुकडा आडवा अडकला होता. खोबरेल घालून झाले, किल्ली चुलीवर तापवून झाली, शेवटी वडिलांनी पहारीने कोयंडाच उपटला. या खटपटीत पहिली गाडी चुकली. आजोबा त्या दुखण्यातून वाचले व पुढे अनेक वर्षे केळीच्या वाडीत हिंडत राहिले, म्हणून ही गोष्ट आमच्या घरी हसत सांगितली जाई. पण कंदील धरून उभ्या असलेल्या आजीचा चेहरा आम्ही पाहिला होता. चोराला अडविणे हे कुलपाचे निम्मेच काम आहे आणि धन्याला न अडविणे हे उरलेले निम्मे, ही गोष्ट आमच्या मनात त्या रात्री ठसली.

अर्देशीर यांनी हे उरलेले निम्मे काम ओळखले होते, हे पुष्कळ वर्षांनी त्यांच्याविषयी वाचताना आमच्या ध्यानात आले.

त्यांचा जन्म मुंबईस 1868 साली झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. मूळचे आडनाव गुथेराजी. ते बदलून वडिलांनी 1871 मध्ये गोदरेज असे केले. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. शिक्षण वकिलीचे झाले. 1890 मध्ये बच्चूबाई नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1891 च्या एप्रिल महिन्यात, बच्चूबाई व त्यांच्यासोबत गेलेली नात्यातील एक मुलगी अशा दोघी राजाबाई टॉवरवरून खाली पडून मरण पावल्या. त्या काळी या प्रकरणाने सारी मुंबई हादरली होती. खटला झाला, पण आरोपी सुटला. अर्देशीर त्यावेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही व त्यांना अपत्यही नव्हते. याविषयी अधिक लिहावेसे आम्हांस वाटत नाही.

1894 मध्ये एका सॉलिसिटर कंपनीतर्फे ते एक खटला चालविण्यासाठी आफ्रिकेतील झांझिबार येथे गेले. तेथे आपल्या पक्षाची बाजू मांडताना सत्याला मुरड घालावी लागणार असे त्यांना दिसून आले. त्यांनी नकार दिला. वकिलाने आपल्या अशिलाचे हित पाहावयाचे असते, असे आजूबाजूच्यांनी समजावून पाहिले असेल. परंतु हा मनुष्य ज्याला एकदा खोटे म्हणाला ते पुन्हा खरे म्हणण्यातला नव्हता. ते मुंबईस परत आले आणि वकिलीचे नाव त्यांनी कायमचे सोडले.

पुढच्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्याचे ठरविले. भांडवल हवे होते. वडिलांकडे पैसा होता, पण मुलाने मागितला तर ते कर्ज म्हणून न देता देणगी म्हणून देतील, आणि तसे घेणे नको, म्हणून अर्देशीर वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे गेले व तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन आले. हत्यारे चांगली उतरली. एका मोठ्या दुकानदाराने ती घेण्याची तयारीही दर्शविली, पण त्यावर विलायतेचा शिक्का मारावा अशी अट घातली; हिंदुस्थानात बनलेल्या चाकूवर कोणी डॉक्टर विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा हिशेब होता. अर्देशीरना वस्तू ज्या देशात घडली त्या देशाचेच नाव हवे होते. सौदा फिसकटला, धंदा बुडाला आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिले. व्यवहारदृष्ट्या पाहिले तर त्या दुकानदाराचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हे आम्ही नाकारीत नाही. पण दोन वर्षांत दोनदा केवळ खऱ्यापायी पोटावर पाय आणणारा माणूस पुढे कुलपाच्या धंद्यात शिरला, यात आम्हांस एक संगती दिसते. कारण कुलूप विकणे म्हणजे विश्वासच विकणे होय.

त्या सुमारास मुंबईत घरफोड्या फार वाढल्या होत्या. लोकांनी आपल्या घरादाराचा अधिक बंदोबस्त करावा असे पोलीस कमिशनरने सुचविल्याची बातमी अर्देशीर यांच्या वाचनात आली. 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला होता आणि लक्षावधी माणसे दाराला कुलूप ठोकून शहर सोडून गेली होती, हेही येथे लक्षात घ्यावे. रिकामी घरे आणि कच्ची कुलपे! अर्देशीर पुन्हा मेरवानजींकडे गेले. आधीचे कर्ज फिटलेले नसतानाही त्या भल्या गृहस्थाने पुन्हा पैसे दिले. मे 1897 मध्ये लालबागला गॅस कंपनीशेजारी अवघ्या दोनशेपंधरा चौरस फुटांच्या शेडमध्ये, गुजरात व मलबारकडून आणलेल्या डझनभर कारागिरांनिशी, कुलपांचा कारखाना सुरू झाला. आमच्या शाळेतील एक वर्गखोली याहून मोठी होती. मेरवानजींचे भाचे बॉइस यांस भागीदार म्हणून घेण्यात आले. ते लवकरच निघून गेले, पण त्यांचे नाव कंपनीच्या नावात कायम राहिले.

आता कुलपाविषयी थोडे. आपल्याकडे पूर्वी जी कुलपे मिळत त्यांच्या आत बहुधा नुसते आडवे अडथळे असत. योग्य खाचांची किल्ली त्या अडथळ्यांना चुकवून आत फिरे. पण वाकविलेली तारही तसेच चुकवून जाई. एका कुलपाची किल्ली शेजारच्या घरी लागे, हे आमच्या लहानपणी आम्ही स्वतः पाहिले आहे. याहून वरच्या दर्जाचे कुलूप म्हणजे लिव्हरचे. त्यात एकावर एक पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात. किल्लीच्या प्रत्येक दात्याने आपापली पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलली, केसभर कमी नाही आणि केसभर जास्तही नाही, तरच सर्व पट्ट्यांतील खाचा एका रांगेत येतात व कुलपाची जीभ मागे सरते. चार लिव्हर, सहा लिव्हर असे जे आपण दुकानात विचारतो ते याच पट्ट्यांविषयी. ही युक्ती इंग्लंडात अठराव्या शतकातच निघाली होती. तेथील कारखानदारांना आपली कुलपे अभेद्य आहेत असा मोठा अभिमान होता. परंतु 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखविले, व ब्रामा कंपनीचे कुलूप, जे साठाहून अधिक वर्षे कोणास उघडता आले नव्हते, तेही सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास झटून उघडले. तेव्हापासून कुलपाच्या विद्येत अभेद्य हा शब्द जाणते लोक जपून वापरू लागले.

अर्देशीर यांनी ही सारी विद्या आत्मसात केली, आणि कारागिरांकडून काम किती काटेकोर घेतले जाते यावर कुलपाचे बरेवाईट ठरते हे ओळखले. त्यांच्या पहिल्या कुलपांस त्यांनी अँकर असे नाव दिले. प्रत्येकाची किल्ली निराळी, दुसऱ्या किल्लीने उघडणार नाही अशी हमी. पुढे त्यांनी दोन किल्ल्यांचे एक कुलूप काढले. दोहोंपैकी कोणत्याही किल्लीने ते उघडे, पण एका किल्लीने आतली रचना अशी बदलता येई की दुसरी निरुपयोगी व्हावी. नोकराजवळ किल्ली देऊन परगावी जाणाऱ्यांची अडचण त्यांनी जाणली होती. आणखी एक कुलूप असे होते की, कोणी परक्या किल्लीने खटपट केली तर धन्यास ती पुढच्या वेळी कळून यावी.

पण आमच्या मते त्यांची खरी करामत बिनस्प्रिंगच्या कुलपात आहे. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक पट्टीला खाली दाबून धरण्यासाठी एक बारीक स्प्रिंग असते. आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावी ही स्प्रिंगच आधी गंजते, मऊ पडते किंवा तुटते. पितळी कुलूप बाहेरून लखलखीत असले तरी आत हा दुबळा जीव बसलेला असतो. विलायतेच्या कारागिरांनी स्प्रिंग अधिक चांगली करण्याचा यत्न केला. अर्देशीर यांनी ती काढूनच टाकली. पट्ट्यांना जी हालचाल स्प्रिंग देई ती किल्लीच्याच फिरण्याने मिळेल अशी आतली मांडणी त्यांनी केली व या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या पहिल्या दशकात तिचे पेटंट घेतले. जे नाही ते मोडत नाही. आम्ही शाळेत तरफेचा धडा शिकविताना मोडकी कुलपे खोलून मुलांना दाखवीत असू. त्यात स्प्रिंग शाबूत असलेली फारच थोडी सापडत.

कुलपामागून तिजोरी आली. 1902 साली त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. कुलूप उत्तम पण दार पत्र्याचे, तर चोर कुलपाला हात न लावता पत्राच कापतो. म्हणून कुलूपवाल्याला तिजोरीकडे वळणे भागच होते. चोराबरोबर आगीचाही विचार त्यांनी केला. अर्देशीर हयात नसताना, 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट होऊन आसपासच्या पेढ्या व वखारी दिवसेंदिवस जळत होत्या, तेव्हा ढिगाऱ्यांतून निघालेल्या त्यांच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत असल्याची बोलवा झाली, व तिने जाहिरातीपेक्षा अधिक काम केले. धाकटे बंधू पिरोजशा यांनी धंद्याचा व्याप वाढविला. थोरल्याने वस्तू शोधावी आणि धाकट्याने कारखाना चालवावा, अशी ती वाटणी होती.

कुलपानंतर अर्देशीर यांनी हात घातला तो साबणाला. त्या काळचा साबण बहुधा जनावरांच्या चरबीचा असे. आपल्याकडील कित्येक घरांत या कारणास्तव अंगाला साबण लावीत नसत, देवघरात तर तो नेण्याची सोयच नव्हती. आमच्या पणजी डाळीचे पीठ व शिकेकाई सोडून दुसऱ्या कशाला शिवल्या नाहीत असे आम्ही ऐकले आहे. केवळ वनस्पतींच्या तेलापासून चांगला साबण होणार नाही असे जाणते लोक म्हणत. अर्देशीर यांनी तो करून दाखविला व पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो विक्रीस काढला. घरात रोज हाताळली जाणारी वस्तू घ्यावी, ती कोणाला कोठे बोचते ते पाहावे, आणि बोचणारा भागच काढून टाकावा. स्प्रिंग असो की चरबी, त्यांची रीत एकच.

स्वदेशीविषयी त्यांचे मत मात्र त्या काळच्या पुढाऱ्यांना फारसे रुचणारे नव्हते. माल देशी आहे म्हणून तो कच्चा असला तरी लोकांनी सोसून घ्यावा, हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. विलायती मालाच्या तोडीचा किंवा त्याहून सरस माल द्यावा आणि मग तो देशी आहे असे अभिमानाने सांगावे, असे ते मानीत. आम्हांस हे पटते. शाळेत देशी खडू फळ्यावर खरडताना आम्हांस ते अनेकदा पटलेले आहे. पण म्हणून देशकार्यापासून ते दूर राहिले असे कोणी समजू नये. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडास त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या दिवसांतील तीन लाख म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी केळीच्या लोंगरांचे पैसे आण्यांत मोजले त्यांस सांगावयास नको.

उतारवयात त्यांनी धंदा बंधूंच्या स्वाधीन केला व नाशिककडे जाऊन शेती आरंभिली. ज्या माणसाने आयुष्यभर केसाच्या मापाने लोखंड घासले त्याने अखेरीस पावसाच्या लहरीवर चालणारा धंदा का पत्करला असेल, याचे आम्हांस नवल वाटते; स्वतः वाडी कसणारा कोणीही त्यांना हा सल्ला दिला नसता. शेतीत त्यांना कारखान्यासारखे यश आले नाही. जानेवारी 1936 मध्ये ते वारले.

पुढे पिरोजशांनी विक्रोळीस मोठी जमीन घेतली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या करण्याचे काम आले तेव्हा तेथे बारा लाखांहून अधिक पेट्या तयार झाल्या. बाहेर निराळे कुलूप लावल्यास खर्च फार वाढतो, म्हणून पेटीचे कुलूप आतच बसविण्याची युक्ती कारखान्यातील एका कारागिराने काढली होती.

आमच्या माजघरातील ते कपाट अद्याप आहे. उपटलेल्या कोयंड्याच्या जागी वडिलांनी नवा कोयंडा ठोकला व त्यास सहा लिव्हरचे गोदरेजचे कुलूप आणून लावले. त्याची एक किल्ली आईच्या कमरेला असे. दुसरी देवघरातील कोनाड्यात, गंगेच्या गडव्यामागे, आजही ठेवलेली आहे.