बावन्न अंकांचे क्षेत्रफळ : आयझॅक न्यूटन

इंग्लंडातल्या लिंकनशायर परगण्यातील वूल्सथॉर्प या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी, १६४२ सालच्या नाताळच्या दिवशी (तिकडच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे) आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. वडील तीन महिने आधीच वारले होते. मूल तीन वर्षांचे असताना आईने बार्नबस स्मिथ या पाद्र्याशी लग्न केले व ती त्याच्या गावी गेली. आयझॅक आजीजवळ वाढला. सावत्र वडिलांचा त्याला रागच होता. मात्र त्यांची एक जाडजूड, बहुतेक कोरी वही त्याच्या वाट्याला आली आणि पुढे ती गणिताने भरली. त्या गृहस्थांचा जगावर एवढा एक उपकार आम्ही मानतो!

१६६१ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. फी परवडावी म्हणून श्रीमंत विद्यार्थ्यांची वरकामे करावी लागत. १६६४-६५ च्या हिवाळ्यात वॉलिसचा ग्रंथ वाचता वाचता द्विपद प्रमेय अपूर्णांकी घातांकांनाही लावता येते हे त्याला उमगले. फरक इतकाच, की मग पदे संपत नाहीत. १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद झाले आणि तो गावी परतला.

वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ काढणे, ज्याला आज आपण निश्चित संकलन म्हणतो, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. क्षचा वर्ग, क्षचा घन अशा साध्या घातांचे क्षेत्रफळ काढण्याचा नियम ठाऊक होता. अपास्त नावाच्या वक्राला मात्र तो लागू पडेना. तिथे १ ला (१ + क्ष) ने भागायचे असते. न्यूटनने तो भागाकार खरोखरच करायला घेतला, आपण शाळेत दशांश काढत जातो तसा. उत्तर आले : १, वजा क्ष, अधिक क्षवर्ग, वजा क्षघन... अशी न संपणारी घातश्रेणी. आता प्रत्येक पद साधे! एकेकाचे क्षेत्रफळ काढायचे आणि बेरीज-वजाबाकी करत जायचे.

० पासून ०.१ पर्यंतचे क्षेत्रफळ घ्या. पदे येतात ०.१, वजा ०.००५, अधिक ०.०००३३३३, वजा ०.००००२५, अधिक ०.०००००२. पाचच पदांत ०.०९५३१०३ मिळते, खरे उत्तर ०.०९५३१०२ च्या आसपास आहे. घरात बारावीचे मूल असेल तर त्याच्याकडून वहीवर करवून घ्यावे. क्ष लहान असला की पुढची पदे झपाट्याने झिजतात, सारी मेख तिथे आहे. क्ष १ च्या जवळ गेला की हीच श्रेणी रडतखडत चालते.

त्या उन्हाळ्यात बूथबी गावी मुक्कामाला असताना न्यूटनने असे एक क्षेत्रफळ ५२ अंकांपर्यंत हाताने काढले. इतक्या अंकांचा उपयोग काहीच नव्हता. नवे हत्यार हाती आले होते आणि वेळ मोकळा होता. पुढे त्याला स्वतःलाच या हौसेची लाज वाटत असे. (अशा अनंत श्रेणी केरळात माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने दोनशे वर्षे आधीच मांडल्या होत्या, युरोपात तेव्हा त्याची वार्ता नव्हती.)

इतके करून त्याने ते कोणाला सांगितले नाही. १६६८ मध्ये मर्केटरने अपास्ताची हीच श्रेणी छापली, तेव्हा कुठे त्याने घाईने एक लहान निबंध लिहून १६६९ मध्ये प्राध्यापक बॅरो यांच्या हाती दिला. त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याला बॅरोंची गादी मिळाली. निबंधाच्या नकला मोजक्या लोकांत फिरल्या. छापला गेला तो १७११ साली.

मधल्या काळात जर्मनीच्या लाइब्निट्झने स्वतंत्रपणे कलनशास्त्र उभे केले आणि १६८४ मध्ये प्रसिद्धही केले. मग आधी कोण, हे भांडण पेटले. १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष खुद्द न्यूटन, आणि समितीचा अहवालही बराचसा त्यानेच लिहिलेला! शोध त्याचा आधीचा होता हे खरे, पण हा न्याय झाला असे आम्हांला वाटत नाही. लाइब्निट्झ १७१६ मध्ये वारला, तरी न्यूटनचा राग शमला नाही.

१७२७ मध्ये न्यूटनचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. श्रेणींवरचा त्याचा मुख्य ग्रंथ १६७१ च्या सुमारास लिहून तयार होता. तो लोकांच्या हाती पडला १७३६ साली.