वारा साठवायला निघालेला मास्तर

हॉस्टेलची लाईट गेली की आपण एका सुरात ओरडतो आणि आली की विसरून जातो. डेन्मार्कमधल्या एका मास्तरला मात्र हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. त्यांचं नाव पोल ला कूर.

जन्म १८४६ चा. आधी हवामानशास्त्र, मग टेलिग्राफवर संशोधन. १८७८ पासून ते आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत शिकवू लागले. वीज शहरापुरती राहू नये, खेड्यातही पोचावी, ही त्यांची तळमळ. पण डेन्मार्क पडला सपाट! सर्वात उंच जागा जेमतेम १७१ मीटर. धरण बांधणार कुठे? होता तो फक्त वारा.

१८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी पवनचक्की उभारून डायनॅमो फिरवला. वारा पडला की काय, म्हणून त्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. कधीकधी स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा फुटायच्या, तरी गडी हटला नाही. पुढे ते बॅटऱ्यांकडे वळले. पाती थोडी पण वेगवान असली तर जास्त काम होतं, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवलं. १९०४ पासून खेड्यातल्या पोरांना ते विजेचं काम शिकवू लागले. त्यातल्याच योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरची २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. ला कूर मात्र १९०८ सालीच गेले.

साठवणीचं उत्तर पुढे शेजारच्या नॉर्वेत सापडलं. तिथे डोंगर आणि धरणं भरपूर. १९७६-७७ मध्ये समुद्राखालून केबल टाकली गेली. डेन्मार्कात वारा सुटला की नॉर्वे तिकडची वीज घेतो आणि आपलं पाणी धरणात राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडतो.

जोडी झकास, पण तिलाही मर्यादा आहेत. या दोन देशांमधल्या केबल आज चार झाल्या, तरी त्यांतून फार तर १,७०० मेगावॅट जातात. धरण आधीच काठोकाठ भरलं असेल तर पाणी राखायला जागाच नसते. आणि दुष्काळ पडला तर? २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेतली धरणं खाली गेली, तेव्हा वीज बाहेर देण्यावर बंधन घालायची भाषा तिथल्या सरकारने केली. शेवटी पाणी आधी घरच्यांना!

आज डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून येते आणि जादा वाऱ्याचा हायड्रोजन करावा, अशी चर्चा पुन्हा रंगली आहे. म्हणजे फिरून आस्कोव्हच्या त्या शाळेतच! तेव्हा प्रयोगात काच फुटली म्हणून नाराज होऊ नका. फक्त लॅब असिस्टंटला आधी सांगा.